सचिन, विनोद आणि पॅड बांधून बसलेला तिसरा

डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कला सचिन-विनोदचे क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. तिथं विनोद कांबळीनं सचिनचा हात घट्ट धरून ठेवला होता, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. आशय असा: शाळा एक, गुरू एक, गुणवत्ताही एकच; एकानं शिस्त पाळली म्हणून तो देव झाला, दुसऱ्यानं मोडली म्हणून तो संपला. खाली पालकांना विनंती, मुलांना जरूर दाखवा.

विनोदच्या हातून चुका झाल्या. दारूबद्दल तो स्वतः जाहीरपणे बोललाय. तरीही हा मजकूर खरा नाही, आणि तो दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या माथी मारला जातोय याचा मला मनापासून त्रास होतो.

पहिलं म्हणजे, दोघांचं सगळं सारखं नव्हतं. शाळा आणि सर तेवढे सारखे. सचिन वांद्र्याच्या साहित्य सहवासातला, वडील प्राध्यापक आणि कवी. मोठ्या भावानं, अजितनं, त्याला सरांकडे नेलं आणि पुढे सगळी कारकीर्द तो त्याच्या बॅटिंगवर त्याच्याशी बोलत राहिला. जाण्या-येण्यात पोरगा दमतो म्हणून घरच्यांनी त्याला शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे ठेवलं. विनोद कांजूरमार्गचा, वडील मेकॅनिक, क्लब क्रिकेट खेळलेले. किट घेऊन लोकलनं दादर गाठायचं. गर्दीच्या वेळी किटबॅग घेऊन डब्यात शिरणं म्हणजे काय, हे मध्य रेल्वेवाल्यांना सांगायला नको. दारातले खेकसतात, बॅग डोक्यावर धरावी लागते, उतरेपर्यंत खांदे भरून येतात. नेटमधला सराव त्यानंतर. विनोदच्या घरची माया कमी होती असं कुणी म्हणू नये. पण काही घरांना पोरासाठी जे करता येतं, ते सगळ्यांना करता येत नाही.

दुसरा मुद्दा, त्या मजकुरातलाच, 'विनोदचं मन खंबीर नव्हतं' हा. १९९३ मध्ये विनोदनं वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ केल्या, लगेच दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध २२७, आणि त्याच वर्षी श्रीलंकेत १२५ आणि १२०. हजार कसोटी धावा अवघ्या १४ डावांत. कमकुवत मनाचा माणूस असं खेळतो? १९९४ मध्ये वेस्ट इंडिजच्या आखूड चेंडूंनी त्याला घेरलं, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये तो शेवटची कसोटी खेळला. १७ कसोटी, सरासरी ५४.२०, वय २३!

मग १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स. विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारत ८ बाद १२०, मैदानात बाटल्या, स्टँडमध्ये जाळपोळ. सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि नाबाद १० वर असलेला विनोद रडत बाहेर आला. चोवीस वर्षांच्या मुलाचं ते रडणं आख्ख्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्या रात्रीनंतर त्याच्याशी बोलणं हेच ज्याचं काम, असा माणूस तेव्हाच्या संघांत नसायचा. खेळाडूंच्या मनाच्या तयारीचं काम बघणारा प्रशिक्षक पॅडी अप्टन भारतीय संघाबरोबर आला तो २००८ मध्ये.

आणि सचिनला काय दडपण येत नव्हतं? २०२१ मध्ये त्यानंच सांगितलं की दहा-बारा वर्षं सामन्याआधीच्या रात्री त्याला धड झोप लागायची नाही. मग तो चहा करायचा, कपड्यांना इस्त्री करायचा, बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवायचा. हे सगळं भावानं शिकवलं होतं, असंही तो म्हणाला. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. रात्र त्याचीही जडच जायची, पण ती कशी काढायची हे शिकवणारं माणूस घरात होतं.

'विनोदला नऊ वेळा संधी दिली,' हेही त्या मजकुरात असतंच. नऊ पुनरागमनं म्हणजे तितक्याच वेळा बाहेर काढणं. दर वेळी आपली जागा टिकेल की नाही या धास्तीत कसं खेळत असतील, हे ज्याला ऑफिसातही कधी असं टांगणीला ठेवलं गेलंय त्याला कळेल.

राहिली शिस्त. मग अमोल मुझुमदारचं काय करायचं? शाळा तीच, सर तेच. १९८८ मध्ये आझाद मैदानावर शाळेच्या सामन्यात विनोदनं नाबाद ३४९ आणि सचिननं नाबाद ३२६ करत ६६४ धावांची भागीदारी रचली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून अमोल दोन दिवस पॅड बांधून बसला होता. त्याचा नंबर लागलाच नाही. पुढे मुंबईकडून पदार्पणातच त्यानं २६० ठोकल्या. १७१ प्रथमश्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं, कर्णधार म्हणून मुंबईला जिंकून दिलेला २००६-०७ चा रणजी करंडक. त्याच्या शिस्तीला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलेलं नाही. पण त्याच्या ऐन भरातल्या वर्षांत भारताच्या मधल्या फळीत द्रविड, सचिन, लक्ष्मण आणि गांगुली होते. तो भारताकडून एकही सामना खेळला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक अमोल होता.

त्या मजकुरात त्याचं नाव मला अजून एकदाही दिसलेलं नाही.