निसटत्या निकालाचं मी स्वागत का केलं

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. २०२४ च्या लोकसभा निकालाबद्दल मी लिहिलं होतं की, कुठल्याच एका पक्षाला स्वतःच्या बळावर बहुमत मिळालं नाही हे देशाच्या भल्याचं झालं. त्यावर तुमचे आक्षेप असे: सलग तिसऱ्यांदा निवडून आलेल्या सरकारचं यश मी कमी लेखतोय, आघाड्यांच्या सरकारांत नुसती ओढाताण चालते आणि कामं अडतात, आणि माझ्या आवडीचा पक्ष ३०० पार गेला असता तर मी हे लिहिलंच नसतं.

पहिल्या आक्षेपात फार दम नाही. भाजपप्रणीत रालोआच्या २९३ जागा आल्या, सरकार त्यांचंच व्हायला हवं होतं आणि झालं. ९९ जागांवर गुलाल उधळणाऱ्या काँग्रेसवाल्यांचंही मला कौतुक नाही. सत्ता न मिळणं म्हणजे हार, दुसरं काही नाही. पण निकाल निसटता होता हे कसं नाकारायचं? भाजपची मतं ३७.४ टक्क्यांवरून ३६.६ वर आली. एक टक्काही घट नाही, आणि जागा मात्र ३०३ वरून २४०. महाराष्ट्रात तर दोन्ही आघाड्यांच्या मतांतलं अंतर एक टक्क्याच्या आत होतं, तरी जागा महाविकास आघाडीला ३० आणि भाजपच्या महायुतीला १७. म्हणजे ‘जनतेने झिडकारलं’ हे जितकं चूक, तितकंच ‘जनतेने डोक्यावर घेतलं’ हेही चूक. पाच महिन्यांनी विधानसभेला त्याच महाराष्ट्राने महायुतीला २३० जागा दिल्या. जूनचा निकाल कायमचा समजून बसलेले तिथेच तोंडावर पडले.

मुंबई उत्तर-पश्चिमच्या निकालावर मी लिहिलं, त्याला तुम्ही ‘रडगाणं’ म्हटलंत. ते मी हरलेल्याची बाजू घेऊन लिहिलं नव्हतं. आकडे बघा. यंत्रांवरच्या मतांत ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि शिंदे गटाचे रवींद्र वायकर ४,५१,०९४. नऊ लाखांवर मतं मोजून झाली आणि फरक एका मताचा! मग टपाली मतं: वायकरांना १,५५०, कीर्तिकरांना १,५०१. वायकर ४८ मतांनी विजयी. कीर्तिकर उच्च न्यायालयात गेले, डिसेंबर २०२४ मध्ये याचिका फेटाळली गेली. वायकर रीतसर खासदार आहेत, हे मी तेव्हाही लिहिलं होतं. माझं म्हणणं इतकंच होतं की, ज्या मतदारसंघात निम्मे लोक पलीकडे उभे आहेत, तिथल्या खासदाराला त्या निम्म्यांचंही ऐकावं लागेल. देशालाही हेच लागू आहे. आजवर एकाही पक्षाला लोकसभेला ५० टक्के मतं मिळालेली नाहीत, १९८४ च्या लाटेतही नाहीत.

आता तुमचा मुख्य मुद्दा: खंबीर सरकार. १९९१ साली नरसिंह रावांकडे बहुमत नव्हतं. उद्योगांना पदोपदी सरकारी परवाने लागण्याचं परवाना राज त्याच सरकारने मोडीत काढलं. वाजपेयींनी वीसहून अधिक पक्ष सांभाळत सुवर्ण चतुष्कोणाचे रस्ते केले. माहिती अधिकार आणि रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा २००५ चा, तेव्हा मनमोहन सिंगांचं सरकार डाव्यांच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभं होतं. उलट १९७१ साली इंदिरा गांधींना ३५२ जागा मिळाल्या आणि त्याच लोकसभेने आणीबाणीत विरोधक तुरुंगात असताना न्यायालयांचे अधिकार छाटणारी ४२ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. राजीव गांधींकडे ४०० हून अधिक खासदार होते, तरी घटस्फोटित मुस्लिम महिलेला पोटगी देणाऱ्या शाहबानो निकालावर त्यांचा पाय घसरलाच, कायदा करून त्यांनी तो फिरवला. मोठं बहुमत असलं की माणूस खंबीर होतो असं नाही, त्याला अडवणारं कुणी उरत नाही एवढं खरं.

१९९६ ते ९९ मध्ये तीन निवडणुका झाल्या आणि वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडलं, हा तुमचा दाखला खरा आहे. त्या अस्थिरतेचा खर्च देशाने सोसला. पण त्यावरचा इलाज म्हणून संसदच मुकी झालेली मला नको आहे. डिसेंबर २०२३ आठवा. एका अधिवेशनात १४६ खासदार निलंबित झाले, त्यांतले १०० लोकसभेचे. विरोधी बाकं अशी ओस पडलेली असताना देशाचे तिन्ही फौजदारी कायदे बदलले गेले. उद्या पोलीस चौकीत तुमच्या-माझ्यावर लागणारी कलमं ती! त्यांच्यावर कसून वाद व्हायला नको होता? मला त्या दिवसांची आजही चीड येते.

२०२४ च्या निकालानंतर काय बदललं, असं तुम्ही विचारलंत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने ४५ वरिष्ठ पदं थेट बाहेरून भरण्याची जाहिरात काढली, त्यात आरक्षण नव्हतं. विरोधकांनी आवाज उठवलाच, पण सरकारमधले मित्रपक्ष, म्हणजे चिराग पासवान आणि जनता दल (यु.), यांनीही हरकत घेतली. तीन दिवसांत जाहिरात रद्द. तुम्ही याला ब्लॅकमेल म्हणाल. मला ते मित्रपक्षांचं ऐकणं वाटतं, आणि ३०३ जागा असत्या तर ते ऐकलं गेलं असतं असं मला वाटत नाही. दहा वर्षांनी लोकसभेला अधिकृत विरोधी पक्षनेता मिळाला, हीसुद्धा याच निकालाची देणगी. सीबीआयचा संचालक निवडणाऱ्या समितीत त्याची खुर्ची असते, तेव्हा ते पद शोभेचं नाही.

सगळं सुधारलं असा माझा दावा नाही. मुस्लिम धर्मादाय मालमत्तांबद्दलचं वक्फ विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं खरं, पण तिथे विरोधकांच्या दुरुस्त्या एकेक करून फेटाळल्या गेल्या. तरी २८८ विरुद्ध २३२ अशा मतदानाआधी सभागृहात मध्यरात्रीपर्यंत चर्चा झाली, तेवढंही मला हवं आहे.

राहिला माझ्या आवडीचा प्रश्न. उद्या काँग्रेसला ३५० जागा मिळाल्या तर मी हेच लिहीन, तेव्हा तुम्ही मला जरूर जाब विचारा. आणि ‘मग त्रिशंकू लोकसभेला मत द्यायचं का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तसं मत कुणालाच देता येत नाही. मी आपल्या मतदारसंघाच्या खासदाराने पाच वर्षांत प्रश्न किती विचारले, चर्चेत भाग घेतला का, हे पाहतो. लोकसभेच्या संकेतस्थळावर ते मिळतं. तुमच्या खासदाराचं काढून बघा आणि काय सापडलं ते मला कळवा.