मुलाला बागेत न्या, पण खेळू देऊ नका

लहान मुलाला घेऊन बागेत जाणं हे येरागबाळ्याचं काम नाही. मूल तिथे आपलं आपण खेळत बसण्याचा धोका फार मोठा असतो आणि तो टाळायचा, तर पालकाला डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. तीन वर्षांचं पोर मोकळं सोडलंत, तर ते फाटकाजवळच मुंग्यांची रांग बघत उकिडवं बसेल, एक काडी आडवी टाकून मुंग्या कुठून वळतात ते पाहील, आणि आत एवढी रंगीत खेळणी आहेत याचा त्याला पत्ताही नसेल. अशा वेळी कचरायचं नाही. ‘मुंग्या काय, घरीही आहेत’ असं म्हणायचं, दंडाला धरून उठवायचं आणि थेट घसरगुंडीकडे न्यायचं.

(निघताना कपडे पांढरे घालायला विसरू नका. मातीत बसण्यावरून ओरडायला एक ठोस कारण लागतं.)

घसरगुंडीवर मूल हमखास माथ्यावर जाऊन थांबतं. खाली बघतं, दांडी घट्ट धरतं, विचार करतं. या विचाराला वेळ देऊ नये. मागे रांग लागलेली असते आणि रांगेतल्या मुलांपेक्षा त्यांचे आईबाप जास्त उतावीळ असतात. तेव्हा खालून दोन्ही हात पसरून ‘ये ये, काही होत नाही’ असा गजर सुरू करावा. ‘घाबरट कुठला’ हे वाक्य शेजारच्या पालकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणावं. तरीही पोर पायऱ्यांनी परत उतरू लागलं, तर शेवटचा उपाय म्हणजे स्वतः वर चढून, त्याला मांडीवर घेऊन घसरणं.

या उपायाची एक गंमत आहे. मूल एकटं घसरत असताना त्याच्या बुटाचा रबरी तळ कडेला घासून अडकला, तर ते बहुधा तिथेच थांबतं. त्याचं वजनच तेवढं. मांडीवर असलं की तुमचं सगळं वजन त्याला पुढे लोटत असतं. पाय अडकून मागे राहतो, पिळवटतो आणि नडगीचं हाड मोडतं. हाडांच्या डॉक्टरांच्या हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. पण मूल एकटं घसरलं, तर आपण किती काळजी घेतो हे लोकांना दिसणार कसं?

दुपारी गेलात तर पत्रा हात लावून बघायची गरज नाही. तापलाय की नाही ते मूलच सांगेल. खाली अंथरलेलं रबर पडल्यावर लागू नये म्हणून असतं. उन्हात तेही चटके देतं, हे अनवाणी पाय टेकला की लगेच समजतं.

झोपाळा सोपा. तिथे मूल बांधल्यासारखं असतं, म्हणून अभ्यास घ्यायला ती उत्तम जागा. प्रत्येक झोक्याला एक आकडा, मग परत उलटे आकडे, मग समोरच्या झाडाचा रंग, मग त्या रंगाचं इंग्रजी नाव. मूल मान मागे टाकून आभाळ उलटं बघू लागलं, तर ‘लक्ष कुठे आहे?’ असं विचारायचं.

मुलाने खेळता खेळता काहीतरी शिकलंच पाहिजे, हा आग्रह तुमचाच आहे असं समजू नका. चार्ल्स हॉवर्ड हिंटन नावाचे एक गणिती होते. चौथ्या मितीने झपाटलेल्या या गृहस्थांनी आपल्या मुलांना निदान लांबी, रुंदी, उंची या तीन मिती तरी अंगवळणी पडाव्यात म्हणून बांबूंचा एक सांगाडा उभा केला. मुलं त्यावर आनंदाने चढली, लोंबकळली. मितींचं मात्र त्यांनी मनावर घेतलं नाही. त्यांतलाच एक मुलगा, सेबॅस्टियन, पुढे पेटंटचा वकील झाला. 1923 मध्ये त्याला ज्या सांगाड्याचं पेटंट मिळालं, तो आपला जंगलजिम. त्याने सांगाडा तेवढा ठेवला आणि गणित वगळलं. वडिलांच्या मेहनतीचं चीज न करणारी पोरं तेव्हाही होती.

डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सोरेन्सेन यांनी तर पालकवर्गाचा विश्वासघातच केला. मुलं नीटनेटक्या बागेपेक्षा बांधकामाच्या राड्यात जास्त रमतात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. आता शहाण्या माणसाने मुलांना तिथून हुसकावलं असतं. यांनी 1943 मध्ये, युद्ध चालू असताना, कोपनहेगनच्या एमड्रुप भागात मुलांसाठी भंगाराचंच मैदान करून दिलं. फळ्या, विटा, हत्यारं, माती. काय बांधायचं ते मुलांनी ठरवायचं. तुमच्या वस्तीत असा कुणी उपटला, तर वेळीच तक्रार करा. एक तर तिथे गेलेलं पोर वेळेवर घरी येत नाही, आणि फोटोही चांगले येत नाहीत.

आता वाळू. मूल कसं वाढवलंय याची जाहीर परीक्षा वाळूतच होते. दोन-अडीच वर्षांची मुलं एकमेकांबरोबर कमी आणि एकमेकांच्या शेजारी जास्त खेळतात. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 मध्येच या समांतर खेळाची नोंद केली आहे. दोघं पाठीला पाठ लावून आपापला खड्डा खणत असतात आणि त्यांना तेवढी सोबत पुरते. हे असंच चालू राहिलं तर संस्कार कधी व्हायचे? म्हणून त्याच्या हातातलं फावडं आपण काढून घ्यावं आणि ‘शेअर कर ना बाळा’ म्हणत शेजारच्या मुलीला द्यावं. तिला ते नको असतं. तिची आई लगेच म्हणते, ‘अगं, दादा देतोय ना, घे!’ ती घेत नाही. आपला रडू लागतो. ‘सॉरी म्हण.’ ‘तू थँक्यू म्हण आधी.’ मग ‘अहो राहू दे, लहान आहे’ आणि ‘छे छे, आमचाच जरा हट्टी आहे’ असं थोडा वेळ चालतं. तोवर मुलगी दादाच्या खड्ड्यात बसून स्वतःच्या डोक्यावर वाळू ओतत असते, आणि दादा रडणं विसरून बघत असतो. फावडं तुमच्या हातात. ते घट्ट धरून ठेवा, संस्कार अजून पूर्ण व्हायचेत.

ओळख झालीच आहे, तर बाकावर बसून ‘किती महिन्यांचा?’ पासून सुरुवात करावी. उत्तर काहीही येवो, आपला त्या वयात पूर्ण वाक्यं बोलत होता.

फोटोसाठी मुलाला एकदा खाली उतरवून परत चढवावं. खऱ्या घसरण्यात तोंड वाकडं येतं. दुसऱ्या वेळी ‘इकडे बघ, हास’ म्हणता येतं. तिसऱ्या वेळी ते हसतं, पण मध्ये कुणाचं तरी पोर येतं. त्या पोराच्या पालकांकडे नुसतं बघावं. सुज्ञ असतील तर समजतील.

निघायची वेळ झाली की ‘शेवटची पाच मिनिटं’ जाहीर करावीत. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही आणि तुम्हालाही ती पाळायची नसतात, त्यामुळे व्यवहार समसमान होतो. ‘अजून तीनदा घसर, मग जाऊ’ असं म्हटलं तर ते कळतं, पाळलंही जातं, म्हणून तसं म्हणू नये. शेवटी ‘बरं, तू राहा इथेच, मी चालले’ म्हणून फाटकाकडे निघावं. मूल जिवाच्या आकांताने धावत येतं. आलं की कडेवर घेऊन विचारावं, ‘मज्जा आली ना?’

याचा परिणाम दिसायला थोडी वर्षं लागतात. एक दिवस तेच मूल घरात पडद्यासमोर बसून ‘कंटाळा आला’ म्हणेल, आणि बाहेर जा म्हटलं तर ‘बाहेर जाऊन काय करू?’ असं तुम्हालाच विचारेल. तेव्हा चारचौघांत बसून ‘हल्लीच्या मुलांना खेळताच येत नाही’ या विषयावर खुशाल बोलावं. तुमच्याइतका त्यातला अधिकारी माणूस दुसरा सापडणार नाही.