मानशीचं दार

काल संध्याकाळी आमच्या खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीच्या, बांधावर जाऊन आलो. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेच्या, बाजूला बांध खचलाय आणि भरतीचं खारं पाणी थेट शेतात शिरतंय. आजोबा जिथे कोरगुट भात पेरायचे तिथे आता खारफुटी माजलीय. रात्री झोप लागली नाही.

गोव्याचा इतिहास म्हटला की आपण पोर्तुगीज आले ते १५१० आणि गेले ते १९६१ सांगतो. पण १५२६ साली अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकाऱ्यांचे, म्हणजे गावाची जमीन मिळून सांभाळणाऱ्या संस्थांचे, रिवाज फोराल नावाच्या सनदेत लिहून घेतले, तेव्हा गावकारी आधीच रुळलेली होती. खाडीकाठची दलदल बांध घालून पिकाखाली आणणारी माणसं, हा आपला खरा इतिहास. त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

मानशीचं लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. तरी राखण लागतेच. आजोबा पोंयीतलं, म्हणजे दाराच्या आतल्या तळीतलं, पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावायचे, खारट लागलं की तडक दाराकडे. कुर्ल्यांची बिळं शोधून त्यात चिखलाचा गोळा कोंबायचे आणि टाचेने दाबायचे. एक बीळ राहिलं तर अमावास्येच्या उधाणाला अख्खा बांध जातो, म्हणायचे.

१९६४चा कूळ कायदा आणि १९७६ची पाचवी दुरुस्ती, यांनी आम्हा कुळांना कसत्या जमिनीची मालकी दिली. त्याबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला चालणार नाही. गावकारीत आम्हाला ना झोण (उत्पन्नातला वाटा) होता, ना शब्द, होती ती फक्त मेहनत. पण बांध सांभाळणारी गावकारी बाजूला झाली आणि ते काम कूळ संघाच्या गळ्यात पडलं. मानशीवरच्या मासळीची पावणी (लिलाव) होते, पैसा संघाकडे येतो. पावणी घेणाऱ्याला मासळी हवी, दार उघडं राहिलं की ती जास्त मिळते. आमच्याकडे नेमकं हेच झालं. दोन बैठकांत मी बोललो, दोन्ही वेळा विषय पुढे ढकलला.

माझं म्हणणं एवढंच: पावणीचा पैसा आधी बांधाला, मग बाकी सगळं. हिशेब देवळाच्या मंडपात सगळ्यांसमोर वाचायचा. शेतात खारं पाणी आलं तर त्या वर्षीची पावणी रद्द. आणि पाऊस लागायच्या आत प्रत्येक घरातून एक दिवस बांधावर.

रविवारी ओहोटी लागली की मी खोरं घेऊन बांधावर असेन. ज्यांच्या घरी संघाच्या जुन्या वह्या असतील त्यांनी त्या आणाव्यात.