शेतजमीन विकली की कर नाहीच? खुलासा

पुण्याच्या आसपासच्या गावांत एक मेसेज फिरतोय: ‘शेतजमीन विकली तर एक रुपयाही आयकर लागत नाही, सातबारा पुरेसा आहे.’ हे अर्धंच खरं आहे.

आयकर कायद्यात शेतजमिनींपैकी फक्त ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ता (म्हणजे जी विकल्यावर नफ्यावर कर लागतो ती) धरली जात नाही. दहा हजार किंवा जास्त लोकसंख्येच्या नगरपालिका वा महापालिकेच्या हद्दीतली जमीन ग्रामीण नाही, मग तिथे ऊस उभा असला तरी. हद्दीबाहेरही अंतर बघतात, त्या अंतराच्या आतली जमीनही ग्रामीण नाही: शहर एक लाखापर्यंतचं असेल तर २ किलोमीटर, दहा लाखांपर्यंत ६, त्याहून मोठं असेल तर ८. हे अंतर सरळ हवाई रेषेत मोजतात, रस्त्याने नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. हद्द सरकली की ही रेषाही सरकते.

गोंधळ बहुधा भूसंपादनामुळे झाला असावा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या निवाड्याची (सरकार जमीन घेताना भरपाई ठरवतं तो आदेश) भरपाई करमुक्त असते. बिल्डरशी केलेलं खरेदीखत म्हणजे निवाडा नव्हे.

सवलत मात्र आहे, आणि शेती टिकवायची असेल त्याच्या कामाची. विक्रीआधीची दोन वर्षं स्वतः किंवा आईवडील जमीन कसत असतील आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर लागत नाही. नवी जमीन तीन वर्षांत विकली तर ही सवलत जाते.

इसार घेण्याआधी सीएला गट नंबर दाखवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.