पुढचे आजोबा कुठून येणार?

परवा रात्री जेवताना टीव्हीवर एक नवी मालिका चालू होती. त्यातले आजोबा सुनेवर ओरडत होते. बाबांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "याला आवाजच नाही रे."

आजोबा चांगले मोठ्याने ओरडत होते, पण बाबांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. बाबा ७६ वर्षांचे आहेत. सगळी नोकरी बँकेत झाली आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं ते आंतरबँक नाट्यस्पर्धेत कामं करत होते. आवाज म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस असतो, अभिनेते रवी पटवर्धन.

आजच्या मुलांना ते 'अग्गंबाई सासूबाई' मालिकेतले आजोबा म्हणून आठवतील, म्हणजे दत्तात्रय कुलकर्णी. नातवाला 'कोंबडीच्या' अशी हाक मारून झापणारे. माझ्या वयाच्या लोकांना त्याआधीचा एक चेहरा आठवतो. दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागायचं, त्यात वस्ताद पाटील म्हणून ते यायचे. आमच्या घरी एक गुंठाही शेती नव्हती, तरी आजी तो कार्यक्रम न चुकता बघायची. तिला बियाण्यांशी काही देणंघेणं नव्हतं, पाटील काय बोलतात ते तिला ऐकायचं असायचं. पुढे 'अंकुश', 'तेजाब' अशा हिंदी चित्रपटांत ते दिसले की घरात कोणीतरी ओरडायचं, "अरे, आपले पाटील!" त्यांचं नाव आम्हाला कितीतरी उशिरा कळलं.

चरित्र अभिनेत्याच्या नशिबी हे असतंच. चेहरा घराघरांत आणि नाव श्रेयनामावलीत, तेही आता इतक्या झरझर सरकतं की वाचून होत नाही.

'अग्गंबाई सासूबाई' जुलै २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा ते ८२ वर्षांचे होत आले होते. त्या मालिकेचा सगळा डोलारा आजोबांवर उभा होता, हे माझं ठाम मत आहे. गोष्ट होती पन्नाशीला आलेल्या विधवा सुनेच्या दुसऱ्या लग्नाची. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक यांची जोडी लोकांना आवडली, तेजश्री प्रधानची नातसूनही आवडली. पण ते लग्न आपल्याकडच्या घरांमध्ये पटायचं असेल, तर त्याला विरोध करणारा म्हातारा खरा वाटायला हवा होता. तो नुसता खलनायक झाला असता तर प्रेक्षकांनी त्याला बाजूला काढलं असतं आणि प्रश्न तिथेच मिटला असता. पटवर्धनांनी तसं होऊ दिलं नाही. त्यांच्या रागात भीती दिसायची. ही बाई गेली तर माझं कोण करणार, ही म्हाताऱ्या माणसाची साधी, स्वार्थी आणि खरी भीती. माझ्या मावशीने तेव्हा आमच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "आमचे मामंजी अगदी अस्सेच." त्या घरातही एक दुसरं लग्न थोडक्यात राहून गेलं होतं. एवढं लिहून ती थांबली, आणि कोणी काही विचारलंही नाही.

असा राग एका दिवसात येत नाही. रवी पटवर्धन पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले ते १९४४ च्या नाट्यमहोत्सवात, साडेसहा वर्षांचे असताना. त्या महोत्सवाचे अध्यक्ष बालगंधर्व होते आणि स्वागताध्यक्ष आचार्य अत्रे. तिथून मोजलं तर 'अग्गंबाई'पर्यंत ७५ वर्षं होतात. मधल्या काळात नाटकं, चित्रपट, मालिका. पाटील, जमीनदार, पोलीस अधिकारी, म्हणजे भारदस्त माणूस हवा असला की बोलावणं यांनाच. आणि हे सगळं करताना नोकरी रिझर्व्ह बँकेत.

या नोकरीकडे आपण पुरेसं बघत नाही. कलाकारांवर लिहिताना आपण नोकरीला अडसर म्हणतो, 'नोकरी सांभाळून कला जोपासली' हे वाक्य ठोकतो आणि पुढे जातो. मला ते उलट वाटतं. त्या पिढीचे हे नट नोकरीमुळेच टिकले. शिवाजी साटम सेंट्रल बँकेत होते आणि आंतरबँक स्पर्धेतच अभिनेते बाळ धुरींनी त्यांना हेरलं. 'वागले की दुनिया'तले अंजन श्रीवास्तव अलाहाबाद बँकेत होते. चिमणरावाचा गुंड्याभाऊ अजरामर करणारे बाळ कर्वे मुंबई महापालिकेत अभियंता होते. एक तारखेला पगार हातात पडत होता, म्हणून यांना भूमिका निवडता आल्या, वाईट नाटकाला नाही म्हणता आलं आणि दोनच प्रवेशांची भूमिका असली तरी महिनाभर तालीम करता आली.

बाबांनी दोनदा प्रमोशन नाकारलं. प्रमोशन घेतलं की बदली ठरलेली, आणि बदली झाली की तालीम संपली. आई तेव्हा फार चिडली होती. पगारातला फरक आमच्या शाळेच्या फीमध्ये दिसायचा, आणि तिचा राग खरा होता हे मला आता कळतं. पण संध्याकाळी कॅश टॅली झाली की वरच्या मजल्यावर खुर्च्या भिंतीला लागायच्या आणि हेडक्लार्क दुर्योधन व्हायचा, शिपाईमामा शकुनी. तिथे बाबा शब्दफेक शिकले. शेवटच्या रांगेतल्या माणसाला कुजबुज कशी ऐकू जाते, ते शिकले. माईक नव्हते, आवाज पोटातून काढावा लागे. परवा जेवताना बाबांना जो आवाज ऐकू आला नाही, तो हा.

पटवर्धनांचा तो आवाज मी प्रत्यक्ष ऐकला आहे, 'आरण्यक'मध्ये. रत्नाकर मतकरींचं हे मुक्तछंदातलं नाटक सत्तरच्या दशकातलं. युद्ध संपल्यानंतरचे धृतराष्ट्र, गांधारी, कुंती आणि विदुर यांची ही गोष्ट. २०१८ मध्ये मतकरींनी ते पुन्हा उभं केलं, आणि चार दशकांपूर्वीचे धृतराष्ट्र आणि विदुर, म्हणजे रवी पटवर्धन आणि दिलीप प्रभावळकर, पुन्हा त्याच भूमिकांत उभे राहिले. पटवर्धन तेव्हा ८१ वर्षांचे होते. आंधळ्या राजाची भूमिका. म्हणजे नटाचं सगळ्यात मोठं हत्यार, डोळे, आधीच काढून घेतलेलं. उरतो आवाज आणि हात. मुक्तछंदातलं लांबलचक पाठांतर, त्यात एक शब्द निसटला तर ओळीचा तोल जातो. नाट्यगृहात चिटपाखरू हललं नाही. बाबांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं आणि मध्यंतरातही सोडलं नाही. स्मरणशक्ती धारदार राहावी म्हणून पटवर्धनांनी ऐंशीच्या घरात गीतेचे ७०० श्लोक पाठ केले होते, हे मी नंतर वाचलं आणि त्या संध्याकाळचा उलगडा झाला.

मग २०२० आलं. मे महिन्याच्या अखेरीस चित्रीकरण पुन्हा सुरू करण्याचे नियम निघाले, त्यात ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला बंदी होती. काळजीपोटीच केलेला नियम, मान्य. पण भाजीवाल्याला, दुकानदाराला वयाची अट नव्हती. एका ७० वर्षांच्या कलाकाराने उच्च न्यायालयात धाव घेतली. चाळीसेक वर्षं छोट्या भूमिका करून पोट भरणारा माणूस, दुसरं उत्पन्न नाही. ७ ऑगस्टला न्यायालयाने ती अट रद्द केली. मला तेव्हा आनंद झाला होता. सप्टेंबरमध्ये साताऱ्यात एका मालिकेचं चित्रीकरण करताना ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर, आपल्या आशालताबाई, यांना कोरोना झाला आणि त्या गेल्या, वय ७९. तेव्हा माझ्या आनंदाचं काय करावं ते मला कळेना. अजूनही कळलेलं नाही. निकाल योग्य होता असंच मी म्हणेन, आणि आशालताबाई आठवल्या की गप्प बसेन.

मतकरी त्याच वर्षी मे महिन्यात गेले होते. ५ डिसेंबरच्या रात्री ठाण्यात रवी पटवर्धनही गेले. मालिका तेव्हा चालूच होती. वयाच्या ८३ व्या वर्षी, हातात भूमिका असताना.

आता माझा प्रश्न. आज तिशीत असलेला, चेहऱ्याने नायक नसलेला, पण कसदार नट असलेला मुलगा २०६५ साली आजोबा होईपर्यंत तगणार कसा? बँकांमधल्या कायम नोकऱ्या आटल्या, वरच्या मजल्यावरच्या तालमी कधीच बंद झाल्या. मालिकेत बारा बारा तासांची शिफ्ट असते आणि त्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळतात. रोजचा एपिसोड द्यायचा म्हटल्यावर संवाद सेटवरच हातात पडतात, तालीम कुठली? टीआरपी घसरला की सगळ्यात आधी आजोबांना गावाला पाठवतात. मालिकेतल्या त्या आजोबांना आवाज नाही यात त्यांचा दोष नाही. तो कमवायला त्यांना जागाच मिळालेली नाही.

वाहिन्यांकडे माझं एकच मागणं आहे, पैसे तीस दिवसांत द्या. आणि ज्यांच्या कंपनीत, सोसायटीत, कार्यालयात एखादा हॉल संध्याकाळी रिकामा असतो त्यांनी तो नाटकवाल्यांना द्यावा. भाडं मागू नका, एवढं तर करता येईल.

आमच्या हौशी संस्थेतला एक मुलगा मागच्या आठवड्यात घरी आला होता. आयटी कंपनीत आहे, एका मालिकेत हवालदाराची भूमिका मिळतेय, नोकरी सोडू का म्हणून विचारायला. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "नोकरी सोडू नकोस. मंगळवारी सात वाजता ये, तुझा आवाज बघतो."

आला होता. दोघं गच्चीवर होते, साडेनऊपर्यंत.