सिकलसेल म्हणजे पूर्वजांचं पाप? आधी पवित्र शास्त्र तरी उघडा

ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, सोबत एका प्रचारकाचा ऑडिओ. मथळा असा: 'सिकलसेलचं खरं कारण डॉक्टर सांगणार नाहीत'. थोडक्यात म्हणणं हे, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा हा रक्ताचा रोग म्हणजे पूर्वजांच्या पापाचा शाप आणि तो रक्तातून उतरतो. येशूच्या रक्ताने तो धुतला जातो, पण प्रत्येक पिढीसाठी वेगळं अर्पण द्यावं लागतं. अर्पण दिलं की अभिषेकाचं तेल घरपोच येतं. मग गोळ्या बंद करायच्या, कारण गोळी घेणं म्हणजे क्रूसावर अविश्वास. पुरावा म्हणून इस्राएलच्या शास्त्रज्ञांनी येशूचं रक्त तपासल्याची गोष्ट जोडलेली, आणि तळाशी नेहमीचं: दहा जणांना पाठवा.

एरवी असलं काही मी न वाचताच उडवतो. पण हा मेसेज आमच्या मोठ्याईपर्यंत पोचला आणि तिने नातवाच्या गोळ्या बंद केल्या. पोरगा नऊ वर्षांचा, एसएस पॅटर्नचा, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेला. धानाचा चुकारा नुकताच हाती आला होता, त्यातूनच अर्पणाचे पैसे गेले. 'प्रभूच्या नावाचं तेल हाये ना घरी, मंग गोळ्या कायले?' असं तिनं मलाच विचारलं.

तर आधी पूर्वजांचं पाप. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात बापांच्या पापाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन, असं वचन आहे. आहे, नाकारत नाही. पण त्याला लागूनच हजारो पिढ्यांवर दया करण्याचं वचन आहे, ते ऑडिओत गाळलंय. यहेज्केलाचा अठरावा अध्यायही गाळलाय. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, अशी म्हण तेव्हा लोकांच्या तोंडी होती. देव म्हणतो, ही म्हण यापुढे चालणार नाही. बापाच्या पापाचा भार मुलगा वाहणार नाही.

आणि हे दोन्ही बाजूला ठेवलं तरी योहानाचा नववा अध्याय उरतोच. जन्मापासून आंधळा माणूस दिसतो आणि शिष्य नेमकं हेच विचारतात: पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही, आईबापाचंही नाही. मामला तिथे संपायला हवा होता. पण अध्याय पुढे वाचा. माणूस बरा होतो, परूशी म्हणजे तेव्हाचे कडवे धर्मपुढारी त्याच्या आईबापाला बोलावून उलटतपासणी घेतात, बिचारे घाबरून 'त्यालाच विचारा' म्हणतात. शेवटी परूशी त्या माणसाला सुनावतात, की तू तर पापातच जन्मलास, आणि बाहेर हाकलतात. म्हणजे आजाऱ्याच्या जन्माला पाप चिकटवणारे त्या गोष्टीत कोण आहेत ते बघा. आमचा ऑडिओवाला त्यांच्याच रांगेत उभा आहे, वर येशूचं नाव घेऊन.

अर्धं सत्य मात्र त्याच्या बोलण्यात आहे, म्हणूनच ते लोकांना पटतं. सिकलसेल खरंच आईबापाकडून येतो. पण येतो तो हिमोग्लोबिनच्या जनुकातल्या एका बदलामुळे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकात बदललेलं एकच जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस निघण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. यात पुण्यवान-पापी असा हिशोब कुठेच बसत नाही. उलट नुसत्या वाहकाला फाल्सिपॅरम या घातक प्रकारच्या मलेरियाच्या गंभीर आजारापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून तर मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत हे जनुक पिढ्यानपिढ्या टिकलं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा रोग गोंडांत आहे, माडियांत आहे, बौद्धांत आहे, कुणबी-तेल्यांत आहे, ख्रिस्ती घरांतही आहे. गावंच्या गावं शापित ठरवायला त्या माणसाची जीभ कशी रेटली?

आता पैशाचा मुद्दा, ज्याने माझं डोकं खरं फिरलं. एका पिढीचे ५०१ रुपये. चार पिढ्यांचे एकत्र भरले तर १,५०१. पापक्षमेवर सूट! आडत्याकडेही इतका भाव तुटत नाही. आणि याला आधार कोणता, तर 'रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही'. हे वचन इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायातलं आहे, खरं आहे. पण ते नियमशास्त्राबद्दल बोलतंय आणि तिथेही 'बहुतेक' असा शब्द आहे. कारण त्याच नियमशास्त्रात, लेवीयच्या पाचव्या अध्यायात, गरिबाला सवलत दिलीय: मेंढी जमत नसेल तर दोन पारवे, तेही जमत नसतील तर थोडंसं पीठ. पापार्पण म्हणून ओंजळभर पीठ वेदीवर जाई आणि क्षमा होई. जुनंपुराणं म्हणून हिणवता ते शास्त्र गरिबाच्या खिशाकडे बघत होतं.

आणि त्याच इब्री पत्राचा दहावा अध्याय? याजक रोज उभा राहून तेच ते यज्ञ करतो आणि त्यांनी पाप जात नाही. ख्रिस्ताने मात्र एकदाच, सर्वकाळासाठी अर्पण केलं आणि तो देवाच्या उजवीकडे बसला. पुढे स्पष्ट म्हटलंय, जिथे क्षमा झाली तिथे पापाबद्दल आणखी अर्पण नाही. सगळ्या ख्रिस्ती विश्वासाचा कणा हा आहे. वधस्तंभावर किंमत चुकती झाली असेल, तर मोठ्याईचे १,५०१ रुपये कशाचे? आणि झाली नसेल असं तुमचं म्हणणं असेल, तर सरळ तसं सांगा, म्हणजे मंडळीलाही कळेल. पवित्र आत्म्याचं सामर्थ्य विकत मिळावं म्हणून शिमोन नावाच्या जादूगाराने प्रेषित पेत्राला पैसे देऊ केले तेव्हा पेत्र काय म्हणाला ते प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात आहे, मी इथे लिहीत नाही, फार कडक आहे. १५१७ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर बिघडला तो याच, पैसे घेऊन पापाची माफी विकण्याच्या धंद्यावर. बायबलातल्या जक्कय नावाच्या जकातदारानेही पैसे दिले, चौपट दिले, पण ज्यांना लुबाडलं होतं त्यांना परत दिले.

तेल. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. करा की! आमच्याकडे होतेच. पण तिथे ना दर आहे, ना 'औषध टाकून द्या' असं आहे. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला प्रेषित पौल प्रिय वैद्य म्हणतो. औषध म्हणजे अविश्वास असेल, तर मिशनरी इडा स्कडर १९०० साली वेल्लोरला एका खाटेचा दवाखाना कशाला उघडून बसल्या? मोठ्याईकडे आलेली बाटली मी पाहिली. साधं खोबरेल, वर क्रूसाचं स्टिकर, थंडीने आत गोठून पांढरं झालेलं. त्याच थंडीत पोराच्या पायांचा ठणका सुरू झाला. सिकलसेलमध्ये थंडी, कमी पाणी, ताप यांनी वेदनेचा झटका येतो; हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलसेलची गोळी रोज नेमाने घेतली तरच महिन्या-महिन्यांनी झटके कमी होत जातात. ती परस्पर बंद करायची नसते, तपासणीवर ठेवून डॉक्टर मात्रा ठरवतात. गोळ्यांची पाकिटं पवित्र शास्त्राच्या मागे फळीवर ठेवलेली होती. मुलगा आता पुन्हा औषधावर आहे.

राहिलं येशूचं रक्त. ही गोष्ट रॉन वायट नावाच्या अमेरिकन माणसाची. १९८२ साली यरुशलेमेत कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) सापडला आणि त्यावर सुकलेलं रक्त होतं, त्यात माणसाच्या नेहमीच्या ४६ ऐवजी २४ गुणसूत्रं निघाली, असा त्याचा दावा. कोश कोणी पाहिला नाही, प्रयोगशाळेचा अहवाल कधी प्रसिद्ध झाला नाही, १९९९ मध्ये तो वारलाही. गुणसूत्रं मोजायला जिवंत, विभागणाऱ्या पेशी लागतात. 'रक्त अजून जिवंत होतं' असं उत्तर तयारच असतं, त्यापुढे बोलणं खुंटतं. इथे जास्त वेळ घालवत नाही.

दहा जणांना पाठवायचं राहिलं. ते मी राहूच दिलंय.