निर्वासित संशोधक कोणाच्याही मुलाची जागा घेत नाहीत

परदेशी विद्यापीठांत अर्ज भरण्याचे दिवस आले की गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. तो थोडक्यात असा: युरोप-अमेरिकेतली विद्यापीठे निर्वासितांना फुकटात जागा आणि पगार वाटत सुटली आहेत, म्हणून आपल्या हुशार मुलांना प्रवेश मिळत नाही आणि मिळालाच तर फी परवडत नाही, ‘माझ्या जिवाला धोका आहे’ एवढे म्हटले की शिष्यवृत्ती पदरात पडते, एकदा आलेला माणूस परत जात नाही, ज्याला खरेच शिकवायचे आहे त्याने आपल्या देशात राहून लढावे, आणि भारताचा, त्यातही गोव्याचा, या प्रकाराशी काडीचाही संबंध नाही. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांत शिकलेली आणि एरवी शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जाणारी माणसे आहेत, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत चटकन पटतो तो जागांचा मुद्दा. पण ज्या योजनांवर हा राग काढला जातो, त्या एमएस्सीच्या वर्गातल्या जागांशी निगडित नाहीतच. जर्मनीतला फिलिप श्वार्ट्झ उपक्रम, फ्रान्समधला ‘पॉझ’ कार्यक्रम, ब्रिटनमधली ‘कारा’ ही संस्था आणि अमेरिकेतला स्कॉलर रेस्क्यू फंड हे सगळे मुख्यतः जिवाला धोका असलेल्या, संशोधन आणि अध्यापन करत आलेल्या माणसांसाठी आहेत. त्यांचा पैसा वेगळ्या निधीतून येतो आणि प्रवेशयादीवरचे एकही नाव त्यांच्यामुळे खाली सरकत नाही. आकड्यांचे प्रमाणही पाहावे. स्कॉलर रेस्क्यू फंड २००२ पासून चालू आहे आणि एवढ्या वर्षांत, साऱ्या जगातून मिळून, त्याने मदत केलेल्या संशोधकांची संख्या हजार-बाराशेच्या आसपास आहे. याउलट २०२४ मध्ये परदेशात शिकणारे भारतीय विद्यार्थी तेरा लाखांहून अधिक होते. जर्मनीने श्वार्ट्झ उपक्रम चालवला त्याच वर्षांत तिथले भारतीय विद्यार्थी वाढत जाऊन २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात पन्नास हजारांच्या घरात पोहोचले आणि परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सर्वांत मोठा गट ठरले.

मग आपल्या मुलांची अडचण खोटी आहे का? मुळीच नाही, फक्त तिचे कारण दुसरे आहे. जर्मनीच्या व्हिसासाठी आधी एका गोठवलेल्या खात्यात वर्षाचा खर्च दाखवावा लागतो आणि ही रक्कम २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो आहे. म्हापशाच्या किंवा कुडचड्याच्या मध्यमवर्गीय घराला हा डोंगरच वाटणार. ब्रिटनची गोष्ट तर गोव्याच्या अगदी जवळची आहे. आजी-आजोबांच्या जन्माची नोंद लिस्बनमध्ये करून ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, त्यांची मुले युरोपीय संघाचे नागरिक म्हणून ठरावीक अटी पुऱ्या केल्यास ब्रिटिश विद्यार्थ्यांइतकीच फी भरू शकत. ब्रेक्झिटनंतर, २०२१ च्या शैक्षणिक वर्षापासून, आधीपासून तिथे स्थायिक असलेल्यांसारखे काही अपवाद वगळता नव्याने जाणाऱ्यांची ही सवलत संपली आणि तोच अभ्यासक्रम दुप्पट किंवा त्याहून महाग झाला. ही फीवाढ एका राजकीय निर्णयाने आणली आहे, दमास्कसहून किंवा काबूलहून आलेल्या कोणा प्राध्यापकाने नव्हे.

राहता राहिले पदवीसाठी शिकणारे निर्वासित विद्यार्थी. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या २०२३ सालच्या आकडेवारीनुसार उच्च शिक्षणाच्या वयातल्या निर्वासितांपैकी फक्त ७ टक्के तिथवर पोहोचत होते. जगाची सरासरी चाळीस टक्क्यांच्या वर आहे. याच उच्चायुक्तालयाची १९९२ पासूनची ‘डाफी’ शिष्यवृत्ती घेणारी मुले तर ज्या देशाने आसरा दिला तिथल्याच विद्यापीठात, म्हणजे बहुधा एखाद्या गरीब शेजारी देशात, शिकतात. २०३० पर्यंत उच्च शिक्षण घेणाऱ्या निर्वासितांचे प्रमाण १५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. ज्यांच्यातले शंभरातले नव्वदहून अधिक दाराबाहेर उभे आहेत, त्यांनी दार अडवले असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

‘नुसते म्हटले की मिळते’ हा दावा तर या योजनांचा साधा नियम वाचला तरी टिकत नाही. श्वार्ट्झ उपक्रमात संशोधकाला स्वतः अर्जच करता येत नाही. जर्मनीतल्या विद्यापीठाने किंवा संशोधन संस्थेने त्याचे नाव सुचवावे लागते, त्याच्यासाठी कामाची योजना मांडावी लागते आणि पुढच्या नोकरीसाठी आपण काय मदत करणार तेही लिहून द्यावे लागते. डॉक्टरेट हवी, प्रकाशित काम हवे. धोका सिद्ध करण्यासाठी एक तर निर्वासित म्हणून सरकारी मान्यता हवी, नाहीतर ‘स्कॉलर्स ॲट रिस्क’ किंवा ‘कारा’ यांसारख्या त्रयस्थ संस्थेने प्रकरण तपासून दिलेला निर्वाळा हवा. ‘पॉझ’मध्ये यजमान संस्थेला आपल्या खिशातूनही वाटा घालावा लागतो. आता ज्याने घाईत घर सोडले त्या माणसाची अवस्था डोळ्यांसमोर आणावी. प्रबंधाची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहिली, त्या इमारतीला आता छप्पर नाही. गुणपत्रिकेवर शिक्का मारणारा कुलसचिव स्वतःच परागंदा आहे. शिफारसपत्र द्यायला तयार असलेला सहकारी आपले नाव कागदावर येऊ देत नाही, कारण तो अजून तिथेच राहतो. अशी फाईल पुरी व्हायला महिनोन्महिने लागतात आणि पुरी झाली तरी निवड होईलच असे नाही, कारण अर्ज नेहमीच जागांपेक्षा जास्त असतात.

आलेला परत जात नाही, या आक्षेपाला मी थोडक्यातच उत्तर देतो. स्कॉलर रेस्क्यू फंडाची शिष्यवृत्ती एका वर्षाची असते आणि फार तर आणखी एक वर्ष वाढते. श्वार्ट्झ उपक्रमाची मूळ मुदत दोन वर्षांची आहे. माझ्या मते दोष असलाच तर मुदत तोकडी असण्यात आहे, कारण दोन वर्षांत ना भाषा नीट येते ना मायदेशातली परिस्थिती पालटते.

‘आपल्या देशात राहून लढा’ हा सल्ला पणजीत बसून देणे सोपे आहे. अफगाणिस्तानात डिसेंबर २०२२ मध्ये स्त्रियांना विद्यापीठे बंद झाली. तिथल्या प्राध्यापिकेने कोणत्या वर्गात उभे राहून लढायचे? तुर्कस्तानात जानेवारी २०१६ मध्ये शांततेची मागणी करणाऱ्या एका निवेदनावर अकराशेहून अधिक अध्यापकांनी सह्या केल्या. त्यांतल्या अनेकांना पुढे वटहुकमाने बडतर्फ करण्यात आले, त्यांचे पासपोर्ट रद्द झाले आणि अनेकांवर दहशतवादाच्या प्रचाराचे खटले चालले. हे लोक राहून लढलेच होते. जुलै २०१९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या शिक्षेमुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाल्याचे मान्य केले, पण मधली वर्षे आणि गेलेली नोकरी न्यायालयाच्या निकालाने परत येत नाही.

आता शेवटचा दावा, की भारताचा याच्याशी संबंध नाही. इथे मला जरा थांबून लिहावेसे वाटते. एप्रिल १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारने कायदा करून ज्यू आणि विरोधी मताच्या प्राध्यापकांना नोकरीतून काढायला सुरुवात केली. त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने अकॅडेमिक असिस्टन्स कौन्सिल उभी राहिली. आजची ‘कारा’ ती हीच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अध्यापकांनी या कामासाठी स्वतःच्या पगारातून पैसे दिले. जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठातून काढले गेलेले भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांना चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बोलावले आणि १९३५-३६ चा हिवाळा ते तिथे राहिले. त्यांना कायमचे ठेवून घ्यावे अशी रामन यांची खटपट होती. बॉर्न यांनी ब्रिटनमधले भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांना कळवलेली हकीकत अशी की, या विषयावरच्या बैठकीत संस्थेतल्याच एका इंग्रज प्राध्यापकाने उठून, स्वतःच्या देशातून हाकललेला हा दुय्यम दर्जाचा परदेशी आपल्याला नको, असे त्यांच्या समक्ष सांगितले. जागा झाली नाही. बॉर्न एडिंबरोला गेले, १९५४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि निवृत्तीनंतर ते जर्मनीला परतले.

कलकत्त्याने मात्र दार उघडले. लाइपझिगमधून काढलेले गणितज्ञ फ्रीडरिश लेव्ही तिथल्या विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्याकडून आधुनिक बीजगणित शिकलेल्या राजचंद्र बोस यांनी पुढे शरदचंद्र श्रीखंडे यांच्यासह १९५९ मध्ये थोर गणितज्ञ ऑयलर यांचे पावणेदोनशे वर्षांचे अनुमान खोटे ठरवले. श्रीखंडे नंतर मुंबई विद्यापीठाच्या गणित केंद्राचे प्रमुख झाले, आणि मुक्तीनंतर गोव्यातली महाविद्यालये १९८५ पर्यंत त्याच विद्यापीठाशी संलग्न होती. लेव्ही स्वतः १९४८ ते १९५२ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. तिथेच गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी गणित शिकवत होते. १९५२ मध्ये लेव्हीही बर्लिनला परतले. अर्थात आसरा मागणाऱ्याने आधी नोबेलची हमी द्यावी असे मी म्हणत नाही. चांगला, मेहनती, साधा अध्यापक वाचवणे हेही पुरेसे कारण आहे.

आणि गोवा? १९४६ नंतर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांना पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात डांबले. पुढे पोर्तुगालमधून निसटून आल्यावर त्यांना आसरा मिळाला तो मुंबईत. कवी बाकीबाब बोरकर यांनी गोवा सोडला, तेव्हा पुढे पुण्यात आकाशवाणीने त्यांना काम दिले. आपल्या माणसांना सीमेपलीकडच्या संस्थांनी जागा दिली नसती तर त्यांचे काय झाले असते, हे आपण इतरांना विचारायला नको.

आज ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात पाहुण्या प्राध्यापकांसाठी अध्यासने आहेत, त्यांतले एक कोसंबींच्या नावाचे. त्यातले एखादे सत्र, धोका तपासून घेतलेल्या एका संशोधकासाठी राखून ठेवायला नवी इमारत लागत नाही. खरी अडचण व्हिसाची आहे: भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांचा स्वतंत्र कायदा नाही, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा एका आदेशाने रद्दबातल झाले, तेव्हा सुट्टीला घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेने असा ठराव केला आणि राज्य सरकारने व्हिसासाठी तो दिल्लीकडे रेटला, तर पहिले नाव सुचवायला ‘स्कॉलर्स ॲट रिस्क’कडे माणसे आजच थांबलेली आहेत.